पन्नास शब्दांची पाटी

उत्तम शुक्रवार काल झाला.
उद्याचं उद्या.
आज शनिवार; याच्याबद्दल चारही सांगणारे
जवळजवळ गप्प आहेत,
आणि मी बोल्टनच्या संग्रहालयात, तळघरात,
मऊ ब्रशने ओसायरिसच्या बरगड्या झाडतोय.

वीतभर देव.
नाईलचा गाळ, त्यात जव, वरून तागाची पट्टी.
पेरायचा, भिजवायचा, अंधारात ठेवायचा.
मोड आले की म्हणायचं, उठला.
ते मोड अजून कापडाला चिकटलेत,
म्हाताऱ्याच्या कानातल्या केसांसारखे.

मला पाटी लिहायची आहे.
क्युरेटरबाईंची चिठ्ठी: मरून उठणारे देव,
येशूशी साम्य, पन्नास शब्द,
भाषा सोपी, वाद नको.

माझे वडील जालन्याला पाळक होते.
शेजारी खोंडेबाईंकडे घट बसत;
परडीत माती, मातीत गहू,
दसऱ्याला त्यातली पिवळट, उन्हाला न भेटलेली रोपं
बाई आमच्याकडेही पाठवत, न चुकता.
वडील ती कानात खोवत नसत.
टाकूनही देत नसत.
प्रवचनाच्या वहीत दाबून ठेवत.
विचारलं, तर म्हणत, 'खूण.'
कशाची, ते कधी बोलले नाहीत,
आणि मी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

तर, साम्य.
अॅटिस कुजला नाही, एवढंच.
केस वाढत राहिले, करंगळी हलायची.
(करंगळी हलणं म्हणजे उठणं का?)
तम्मूज सहा महिन्यांच्या बदलीवर वर येतो,
तेवढे दिवस बहीण खाली जाते.
अॅडोनिससाठी बायका छपरावर खापरांत बडीशेप पेरत,
आठ दिवसांत उन्हाने वाळली
की रडत समुद्रात सोडत.
ओसायरिस उठला खरा, पण राज्य खालचंच मिळालं;
चौदा तुकडे होते, तेरा सापडले,
एक माशाने खाल्ला.

आणि हा आमचा,
उठून आला, जखमा दाखवल्या,
मग विचारलं, खायला काही आहे का?
भाजलेला मासा होता, तो दिला.
एकाला माशाने खाल्लं,
एकाने मासा खाल्ला.
हे पाटीवर बसत नाही. खोडतो.

डोरीन एन्टविसल चहा घेऊन जिना उतरते.
एकवीस वर्षं दारावर बसते ती.
क्लिफर्ड नाताळाआधी गेला.
'हा कोण?' मी सांगतो.
ती कप खाली न ठेवता ऐकते.
'दरवर्षी उगवायचा?'
'दरवर्षी.'
'म्हणजे त्याच्या बायकोला दरवर्षी रडायचं.'
'हो. ठरलेल्या तारखेला.'
'तारीख असलेली बरी,' डोरीन म्हणते,
'मला कुठल्याही मंगळवारी येतं.
परवा को-ऑपमध्ये, मार्मालेडपाशी.
तो जाड सालीचं घ्यायचा.'

मग वाकून बघते.
'गुंडाळलंय किती छान. बायकांचं काम.'
आणि माझा चहा माझ्यापाशी विसरून,
स्वतःचाही विसरून, वर जाते.

दलदलीत होडी घालून तुकडे वेचणारी.
भावाच्या जागी खाली उतरणारी.
पहाटे सुगंधी मसाला घेऊन निघालेल्या तिघी,
वाटेत एकच काळजी:
धोंड कोण लोटून देईल?
उठेल, असं त्यांच्यातल्या एकीलाही वाटलं नव्हतं.
अंगाला लावायला काही तरी न्यावं, म्हणून निघाल्या.
सर्वांत जुनी हकीकत म्हणे तिथेच तुटते:
कबर रिकामी, बायका पळत सुटल्या,
कोणाला काही बोलल्या नाहीत,
भ्याल्या होत्या.
पुढचं मागाहून कोणी तरी जोडलं.

मला ती तुटलेली जागा खरी वाटते.
वडिलांना हे सांगायचं राहिलं.

पाच वाजता वरचे दिवे जातात.
भुरभुर सुरूच आहे, झडपेतून ओल आत येते.
मी दोन्ही कप देवापासून लांब सरकवतो
आणि पन्नासातले आठ शब्द लिहितो:

जव, गाळ, ताग.
लांबी बावीस सेंटिमीटर.
भिजवू नये.